दर्शनी छेद

ज्या पदार्थाची रीतसर पाहणी झालेली नाही, तो पोटात गेला तरी खाल्ला असं म्हणता येत नाही. पूर्वीच्या लोकांना हे माहीत नव्हतं. ते बिचारे भूक लागली की खायचे आणि पोट भरलं की थांबायचे. आमच्या कचेरीतही बरीच वर्षं असाच अंधार होता.

दुपारची सुट्टी झाली की सँडविचचे दोन ट्रे आत यायचे. एक समोरच्या काचा लावलेल्या चकचकीत दुकानाचा (आमच्या भाषेत 'काचेचं दुकान'), दुसरा कोपऱ्यावरच्या काका-काकूंचा. (हे आमच्यापैकी कोणाचेच काका-काकू नाहीत. पण आयुष्यभर एकाच गल्ल्यामागे उभं राहून एकमेकांवर डाफरणाऱ्या जोडप्याला दुसरं म्हणणार तरी काय?) ज्याला जे आवडेल ते त्यानं उचलावं, अशी पद्धत होती. पद्धत कसली, सावळा गोंधळच तो.

एके दिवशी काकांचा ट्रे लवकर संपला, म्हणून आवक-जावकच्या मॅडमनी काचेच्या दुकानाचं सँडविच घेतलं. मधले दोन घास झकास लागले. पुढे नुसता पाव. मॅडम तशा कुरकुर करणाऱ्यातल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांचं आधीच काहीतरी बिनसलं होतं. त्यांनी एका ओळीची तक्रार लिहिली आणि टपाल घेणं त्यांच्याच हातात असल्यामुळे स्वतःची तक्रार स्वतःच दाखल करून घेतली. 'सँडविचच्या कोपऱ्यात काहीच नसते.'

दुसरा कोणी असता तर हसून सोडून दिलं असतं. मोठ्या साहेबांनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली आणि संध्याकाळपर्यंत समिती नेमली. अध्यक्ष स्वतः साहेब. सभासद हिशेबनीस अण्णा, कारण कचेरीत खाण्याविषयी शेवटचा शब्द त्यांचा. सचिव मी, कारण माझं अक्षर बरं आहे. दोन्ही दुकानांची सँडविचं तपासायची आणि जे सरस ठरेल त्याच दुकानाचा ट्रे यापुढे आत येऊ द्यायचा, असं ठरलं.

काचेच्या दुकानाला रस्त्यावरचं गिऱ्हाईक भरपूर. काका-काकूंचं दुकान मात्र आमच्या कचेरीच्या भुकेवर चालायचं. काका वरवर हसून म्हणाले, होऊन जाऊ द्या. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. आमचं काही चुकलं का, असं त्यांनी मला हळूच विचारलं. अजून नाही, ते ठरवण्यासाठीच समिती आहे, असं सांगून मी त्यांना धीर दिला.

पहिल्या बैठकीत निकष ठरवायचे होते. आधी चवीचा विचार झाला. अण्णांनी काकूंचं सँडविच खाल्लं, डोळे मिटले, छान आहे म्हणाले आणि आणखी एक मागितलं. तेही छान निघालं. मग जेवण झाल्यावर तिसरं दिलं, तर अण्णा म्हणाले, आता नको. साहेबांनी तिथेच बोट ठेवलं. एकच पदार्थ, एकच माणूस, आणि तासाभरात मत फिरलं! इतक्या बेभरवशाच्या गोष्टीवर निर्णय कसा घ्यायचा? चव वगळण्यात आली. साहेबांना सर्दी झाली असल्यामुळे वासही वगळला. वजन करून पाहिलं, पण काटा टपालाचा होता. त्याला लोणी लागलं आणि त्या दिवशी बाहेर गेलेल्या सगळ्या पाकिटांना डाग पडले. (एका पाकिटाचं उत्तर नेहमीपेक्षा लवकर आलं. कारण कळलेलं नाही.) घरी बायकोनं विचारलं, मग चव कुठल्या दुकानाची चांगली? मी म्हटलं, तो विषय आता आमच्याकडे नाही. ती वरण गरम करायला गेली.

उरलं काय, तर डोळे. दोन्ही दुकानं सँडविच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं कापतात आणि कापलेली बाजू पुढे करून पारदर्शक कागदात गुंडाळतात. आतलं सारण तिथे आपोआप दिसतं. जे दिसतं ते मोजता येतं, आणि जे मोजता येतं त्यावर सही करता येते. या बाजूला साहेबांनी 'दर्शनी छेद' असं नाव दिलं. त्यातल्या सारणाची जाडी हाच एकमेव निकष. मोजपट्टी मागवली होती, ती आली नाही, म्हणून अण्णांचं उजव्या हाताचं पहिलं बोट प्रमाण मानण्यात आलं. (मोजणी झाल्यावर अण्णा प्रमाण चाटतात, अशी कुजबुज होती. चौकशी चालू आहे.)

कोणावर अन्याय नको, म्हणून हा निकष दोन्ही दुकानांना आधीच कळवला. काचेच्या दुकानाचा मालक मुळातच या कलेतला. त्यानं उरलंसुरलं सारणही कापाच्या रेषेवर आणून ठेवलं. अंडं, काकडी, टोमॅटो, चीज सगळे एका ठिकाणी गोळा झाले, फोटोसाठी पुढे येऊन उभे राहिल्यासारखे. मागे कोपऱ्यात पाव एकटाच निवांत.

काकूंचा हात मात्र वर्षानुवर्षं एकाच वळणाचा. लोणी पार कडेपर्यंत, काकडी कोपऱ्यात शिरून बसलेली. त्यामुळे कापलं की आत बारीकशी, सारखी रेघ. काकांनी त्यांना सांगून पाहिलं, अगं, थोडं मध्ये सरकव. काकू सरकवायच्या, आणि पुढच्या पावाला हात पुन्हा कडेला जायचा. शेवटी चिडून म्हणाल्या, मग कोपऱ्यात काय घालू, कागद?

निकालाच्या दिवशी सगळी कचेरी बैठकीच्या खोलीत जमली. टेबलावर दोन बशा. काचेच्या दुकानाचा मालक कोट घालून आला होता. काका-काकू दाराशी उभे. काकूंनी एप्रनही सोडला नव्हता आणि तोच हातांनी चुरगाळत होत्या. अण्णांनी बोट लावलं. काचेच्या दुकानाचं सँडविच दोन बोटं भरलं. काकूंचं जेमतेम एक. अण्णांनी ते पुन्हा मोजलं, मग बोट जरा आडवं धरून मोजलं, पण साहेब बघत होते.

तेव्हा आवक-जावकच्या मॅडम उठल्या.

"साहेब, माझी तक्रार कोपऱ्याची होती. एकदा उघडून तरी बघा."

साहेब रागावले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

"बाई, उघडलं की ते सँडविच राहत नाही. ते दोन स्लाइस आणि थोडी काकडी होते. काकडी या समितीकडे सोपवलेली नाही."

काचेचं दुकान सरस ठरलं. सर्वोत्तम सँडविच निश्चित झाल्यामुळे कोपऱ्याचा प्रश्न उरत नाही, असा शेरा मारून मॅडमची तक्रार निकाली काढली. काका म्हणाले, चल. काकू बशीकडे बघत क्षणभर थांबल्या आणि निघाल्या. मला वाईट वाटलं. (वाईट वाटणं सचिवाच्या कामात बसत नाही, म्हणून इतिवृत्तात त्याची नोंद नाही.)

सुधारणेचे परिणाम लगेच दिसले. पाहणीत सत्त्याण्णव टक्के कर्मचारी समाधानी निघाले. उरलेले तीन टक्के म्हणजे मॅडम. आता सगळे मधला भाग खातात आणि कोपरे खिडकीत ठेवतात. खिडकीतली कबुतरं चांगली गुबगुबीत झाली आहेत. चारच्या सुमाराला सगळ्यांना पुन्हा भूक लागते, तेव्हा बिस्किटांवर ताव मारतात. बिस्किटांसाठी वेगळी समिती विचाराधीन आहे.

काका-काकूंच्या दुकानात दुपारी माशा मारायची वेळ आली. काही महिन्यांनी काकांनी फेरतपासणीचा अर्ज केला. काकूंनी हात बदलला होता. कसा बदलला, ते त्यांनी सांगितलं नाही. दर्शनी छेद अडीच बोटं भरला. साहेबांनी उभं राहून अभिनंदन केलं, ट्रे पुन्हा आत आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी एक सँडविच खाल्लं. छान आहे, म्हणाले. दुसरं मागितलं नाही.

काकूंनी एक खोड मात्र सोडली नाही. रोज एक सँडविच त्या जुन्या पद्धतीनं करतात, अगदी कोपऱ्यापर्यंत भरून, आणि बाकीच्यांबरोबर दुकानात मांडतात. दुकान बंद करताना ते तिथेच असतं. मग दोघं अर्धं अर्धं खातात आणि तेव्हा म्हणे भांडत नाहीत.

तुम्ही म्हणाल, काय ही माणसं! आम्ही असतो तर तेच घेतलं असतं. वा, मॅडमही असंच म्हणाल्या होत्या. परवा त्या स्वतः दुकानात गेल्या, सगळी नीट पाहिली आणि चांगलं फुगलेलं एक घेऊन आल्या. कोपरे त्यांनी खिडकीत ठेवले.

माझ्या टेबलावरून ते दुकान स्वच्छ दिसतं. काल दुपारी तुम्ही आला होतात. वाकून एकेक सँडविच न्याहाळलंत. काकूंनी ते जुन्या पद्धतीचं हळूच तुमच्यापुढे सरकवलं आणि काका गल्ल्यावरून मान वर करून बघायला लागले. तुम्ही ते हातात घेतलंत, उजेडात फिरवून कापलेली बाजू बघितलीत आणि परत ठेवलंत.

"हे नको," म्हणालात. "ते पलीकडचं द्या. त्यात भरपूर दिसतंय."