शार्दूलरावांच्या फेरवजनाची मोहीम

श्रीगजानन समर्थ. चेन्नपट्टणी मुलांच्या एका इस्पितळात जो बाका प्रसंग गुदरला, तो उणेअधिक न करता लिहितो. ऐकणारांनी चित्त स्थिर करावे.

पेरुंगुडीच्या संगणक-दरबारातील मानकरीण प्राचीबाई, त्यांचे चिरंजीव राजश्री शार्दूलराव, उमर तीन वर्षे, यांजवर निमोनिया नामे गनीम चालोन आला, आणि ताप चढला, आणि छाती घरघरू लागली, मग बाईंनी त्यांस शालीत गुंडाळोन रिक्षात घातले आणि इस्पितळी दाखल जाहल्या. तेथे शालीसकट वजन जाहले, आणि त्या हिशेबे शिरेतून द्यावयाच्या औषधाची मात्रा ठरली.

मग नर्स सरोजाबाई सुई सज्ज करोन आल्या. त्यांचा शिरस्ता ऐसा की, औषधापूर्वी नाव आणि वजन मोठ्याने पुकारावे. पुकारिले, "शार्दूल. पंधरा किलो. सरिया, अम्मा?" म्हणजे, बरोबर ना?

बाईंनी मनात हिशेब मांडिला. गेल्याच हप्त्यात बालवाडीत बारा भरले होते. अन्नास शिवेना ते पोर वाढते कैसे? बोलावे तर आगळीक, न बोलावे तर लेकरू! मग बाईंनी भीड गुंडाळोन ठेविली आणि मोडक्या तमिळात गर्जल्या, "सिस्टर, वेंडाम! पन्निरंडु किलो!" म्हणजे, नको, बारा किलो!

सरोजाबाईंनी सुई तत्क्षणी म्यान केली, आणि डॉक्टर अनंतकृष्ण यांस इत्तला गेली, आणि हुकूम सुटला की फेरवजन करावे. मग शाल सोडू जाता रावांनी किंकाळी फोडली, आणि झटापट जाहली, आणि सरोजाबाईंचा चष्मा धारातीर्थी पडला, आणि शालीतून निघाला रावांनी निघतेवेळी लपवोन घेतलेला, खेळण्यातला पोलादी रोडरोलर! तीर्थरूप देवेशरावांनी गिंडीच्या कारखान्यात लेकासाठी खास घडविलेला, भरीव!

राव रोलर सोडीनात. मग तह ठरला की, खासे डॉक्टरांनी तो कवेत घेऊन काट्यावर चढावे. चढले. काटा शंभरापार गेला, आणि सरोजाबाईंनी शिरस्त्याप्रमाणे आकडा पुकारिला, आणि अवघा वॉर्ड हसोन लोळला, आणि डॉक्टरांनी जाहीर केले की यात रोलरच फार. ते उतरताच राव चढले, खुशीने. बारा भरले. मग मात्रा कमी केली, दुसऱ्या नर्सबाईंनीही ताडोन पाहिली, आणि औषध शिरेत गेले.

प्राचीबाई उशाशी बसोन राहिल्या. सकाळी ताप उतरला, आणि राव डोळे उघडोन वदले, "आई, पसिक्कुदु." म्हणजे भूक लागली. बाईंनी ओढणी डोळ्यांस लाविली आणि इडली मागविली.

येणेप्रमाणे गनीम हटला, फत्ते जाहली. चूक सुईपर्यंत आली, शिरेपर्यंत पोहोचली नाही, हे नमूद असो.