सोलरचं तोंड

हे भांडण तुम्ही लावलंत, साहेब. नाव घेत नाही. ज्याला टोचेल त्याला कळेल. माणसाच्या डोक्याला साबण लागलेला असताना तुम्ही वीज कापता आणि त्याच दिवशीच्या पेपरात अर्धं पान जाहिरात छापता: सूर्य फुकट आहे, वापरा. सूर्य फुकट आहे हे तुमच्या खात्याचा जन्म व्हायच्या आधीपासून आम्हाला ठाऊक आहे. पण शेजारणीच्या गच्चीवरचा सूर्य आपल्या गच्चीवरच्यापेक्षा जास्त चकाकायला लागला की घरात काय पेटतं, ते तुमच्या जाहिरातीत नव्हतं. ते इंदिरानगरच्या कलाबाईंना विचारा.

कलाबाई आणि मोतीराम मूळचे मळ्यातले. मखमलाबादच्या बाजूला त्यांच्या मळ्यात अजून झेंडू आणि गुलाब होतो, मोतीराम पहाटे उठून फुलं बाजारात घालतो. पण पोरीचं लग्न जमायच्या वेळी कलाबाईंनी हट्ट धरून इंदिरानगरात रो-हाऊस घ्यायला लावलं. शेजारी प्रतिभा मॅडम. विमा कचेरीत नोकरी, नवराही नोकरीत, आणि गच्चीवर, त्या चैत्रापासून, पाणी तापवायचा सोलर.

प्रतिभा रोज सकाळी न्हाऊन ओले केस झटकत गॅलरीत यायची आणि म्हणायची, "कलावहिनी, वीज असो नाहीतर नसो, आम्हाला बाई फरकच पडत नाही. सूर्य आहे ना!"

सूर्य जणू तिचा मावसभाऊ होता आणि सुट्टीला फक्त तिच्याकडेच उतरायचा.

"वाफ निघती हो तिच्या केसांतून," कलाबाई आत येऊन मोतीरामला सांगायच्या. "मला दाखवायला निघती."

"वाफ कोणाला दाखवायला निघत नाय, कले."

"तुम्ही फुलं विका. बायकांची वाफ तुम्हाला कळायची नाय."

हेवा एवढाच असता तर तो गॅलरीतच राहिला असता. पण कलाबाईंच्या काळजात दुसरा काटा होता. लेकीच्या, तेजस्विनीच्या, लग्नात नांदगावची विहीण पुतळाबाई हिला आंघोळीला कोमट पाणी मिळालं. तिने तिथे हूं की चूं केलं नाही. नांदगावला जाऊन मात्र सगळ्या आळीत सांगितलं, "पोरगी सोन्यासारखी हाय, पण माहेरचं पाणी कोमट." तेव्हापासून पोरीला सासरी चहा जरा गार झाला तरी ऐकावं लागायचं, "माहेरची सवय." आता पहिला दिवाळसण तोंडावर आला होता. नरक चतुर्दशीची आंघोळ पहाटेची. पुन्हा पाणी गार निघालं असतं, तर तो शब्द पोरीला जन्मभर चिकटला असता.

म्हणून कलाबाईंनी नांदगावला फोन लावला आणि आमंत्रण देता देता बोलून गेल्या, "जावईबापूंसंगं तुम्हीबी या विहीणबाई. आमच्याकडं आता सोलर हाय!"

मोतीरामच्या हातातली बशी कलंडली. कारण तेव्हा गच्चीवर फक्त झेंडूची रोपं होती आणि त्याच्या आईचा तांब्याचा बंब.

बोललेला शब्द गच्चीवर चढवणं भाग होतं. धनत्रयोदशीच्या तोंडावर गंगापूर रोडच्या दुकानातून सोलर आला, भल्यामोठ्या लाकडी पेटीत बसून. पेटीवर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: 'निसर्गाचा मित्र'. बसवायला वाल्मीक नावाचा फिटर आला. त्याला दिवाळीला गावी जायची घाई होती. त्याने सोलर ठेवायचा लोखंडी घोडा टेकवला, दक्षिणेकडे बोट केलं आणि म्हणाला, "तोंड इकडं."

"कुठं इकडं?" कलाबाई कडाडल्या. "दक्षिणेला? यमाच्या दिशेला?"

"मावशी, सगळ्यांचं इकडंच असतं. बाजूच्या मॅडमचं बघा ना."

"म्हणूनच तिच्या नवऱ्याची कंबर धरती बारा महिने! आमच्यात दक्षिणेला पाय करून कोणी झोपत नाय, चुलीचं तोंड करत नाय. आन् परवा जावई न्हाणार त्या पाण्यानं! पूर्वेला कर. सूर्य कुठं उगवतो? पूर्वेला. मंग त्याचं तोंड बघायला ह्यानं दक्षिणेला काय म्हणून बसायचं?"

या प्रश्नाचं उत्तर वाल्मीककडे होतं. पण त्याची गाडीही सुटायची होती. "मावशी, घर तुमचं, सूर्य तुमचा," तो म्हणाला आणि त्याने पूर्वेकडे तोंड करून घोडा सिमेंटमध्ये पक्का गाडला.

पूर्वेला काय होतं? पूर्वेला प्रतिभाचं घर होतं. आणि तिच्या गच्चीवर तिच्या नवऱ्याने योगासनांसाठी बांधलेली खोली. सकाळभर त्या खोलीची सावली कलाबाईंच्या सोलरवर पडायची, आणि सावली हटेपर्यंत सूर्य डोक्यावरून सोलरच्या पाठीकडे निघालेला असायचा. थोडक्यात, मोठ्या रकमेचा तो सोलर दिवसभर प्रतिभाची भिंत बघत बसायचा. कलाबाईंना वाटलं, बरंच झालं, तिच्या डोळ्यांसमोर राहील.

त्याच संध्याकाळी त्यांनी जुना गीझर भंगारवाल्याला देऊन टाकला, गॅलरीतून, मोठ्याने घासाघीस करत, प्रतिभाला ऐकू जाईल अशा आवाजात. बंबही द्यायचा होता. तो मोतीरामने आईची आठवण म्हणून झेंडूच्या गोण्यांखाली लपवला.

धनत्रयोदशीला नांदगावची मंडळी उतरली. पुतळाबाई पायातली चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "कुठं हाय तुमचा तो सोलर?" कलाबाईंनी तिला गच्चीवर नेलं. पुतळाबाईने सोलरला एक प्रदक्षिणा घातली आणि एवढंच म्हणाली, "बघू, सकाळी."

त्या 'सकाळी'त जो धाक होता, तो तुमच्या खात्याच्या नोटिशीत पण नसतो, साहेब.

पाहुणे फराळाला बसल्यावर कलाबाईंनी न्हाणीघरात जाऊन गरम पाण्याचा नळ सोडला. हात घातला आणि काढून घेतला. त्यापेक्षा माठातलं पाणी बरं होतं. वाल्मीकला फोन केला, तर त्याच्या बायकोने तिकडून सांगितलं की ते नदीवर पोहायला गेलेत. गॅस? सिलिंडर चकल्या-अनारशांत संपलेलं, नंबर लावलेला. गल्लीत निम्म्या घरांची तीच गत. स्टोव्ह? स्टोव्ह पेटवला तर पुतळाबाईला दिसणार.

"अहो," कलाबाई रडकुंडीला आल्या, "माझी लेक मेली हो आता तिथं!"

मोतीरामने गच्चीकडे पाहिलं. तो मळेकरी माणूस. पाणी कुठून कुठं न्यायचं एवढंच त्याला कळतं. पहाटे, पाहुणे उठायच्या आत, तो गच्चीवर गेला. गोण्यांखालचा बंब काढला, विटांवर बसवला. सोलरमधून न्हाणीघराकडे उतरणारा पाइप सोडवला, आणि मळ्यातल्या ठिबकच्या नळीचा तुकडा घेऊन, सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून, बंबाची तोटी त्या पाइपला जोडली. आता सरपण. वाळलेले झेंडूचे बुडखे टाकले, ते भुर्रकन जळून गेले. मग त्याची नजर सोलरच्या पेटीवर गेली. त्याने फळ्या उचकटल्या. 'निसर्गाचा मित्र' चांगला वाळलेला होता. धडधडून पेटला.

खाली योगेशराव, म्हणजे जावई, तेल-उटणं लावून न्हाणीघरात गेले. कलाबाई दाराबाहेर उभ्या. पुतळाबाई त्यांच्या मागे, हाताची घडी घालून.

आतून नळ सुटल्याचा आवाज आला. मग किंकाळी.

"मेलो! आई गं! भाजलो!"

कलाबाईंच्या तोंडावर जे तेज पसरलं, ते लक्ष्मीपूजनालाही कधी पसरलं नव्हतं. "गार पाण्याचं विसावण घ्या, जावईबापू!" त्या ओरडल्या. "सोलरचं पाणी हाय, जरा जपून!"

पुतळाबाईने नाक वर करून हुंगलं. "विहीणबाई, धुराचा वास येतो."

"फटाके वाजवत्यात पोरं."

"लाकडाचा वाटतो." पुतळाबाई अंगणात गेली आणि तिने मान वर केली. "अवो, तुमच्या सोलरमधून धूर निघतोय की!"

"नवीन हाय ना," कलाबाई म्हणाल्या. "पैले काही दिवस निघतो. आतली ऊर्जा मोकळी होती."

पुतळाबाईने थोडा वेळ धुराकडे पाहिलं, मग विहिणीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पदर खोचून आंघोळीला गेली. बाहेर आली ती लालबुंद होऊन. "पाणी कडक हाय," ती म्हणाली. बस्स. नांदगावच्या आळीतला तो जुना शब्द त्या तीन शब्दांनी पुसला गेला. तेजूने स्वयंपाकघरात आईचा हात घट्ट दाबला.

आणि तेवढ्यात वीज गेली. 'दिवाळीत भारनियमन नाही', हे तुम्हीच छापलं होतंत ना, साहेब? मागाहून म्हणालात, तांत्रिक बिघाड. असो. कलाबाईंना विजेशी आता काय करायचं होतं? त्या न्हाऊन मुद्दाम गॅलरीत आल्या, प्रतिभाला आपल्या केसांची वाफ दाखवायला. पण गॅलरीत प्रतिभा नव्हती. ती कलाबाईंच्याच मागच्या दारात उभी होती, हातात बादली, बादलीवर टॉवेल झाकलेला.

"कलावहिनी," ती खालच्या आवाजात म्हणाली, "एक बादली... गरम पाणी मिळेल का?"

"तुम्हाला? आवो, तुमच्याकडं सूर्य हाय ना!"

प्रतिभाने मागे वळून पाहिलं. तिचा नवरा कुंपणापाशी टॉवेल गुंडाळून उभा होता, अंगाला उटणं फासलेलं. वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, त्यामुळे त्याला हसताही येत नव्हतं नि रागावताही.

"बोअरच्या पाण्याने सोलरचे पाइप चोंदलेत," ती म्हणाली. "उन्हाळ्यापासून. गीझरच लावतो आम्ही. कोणाला बोलू नका हं."

उन्हाळ्यापासून! म्हणजे ती वाफ गीझरची होती. ज्या वाफेपायी कलाबाई सहा महिने जळल्या, ज्या वाफेपायी मोतीरामच्या गुलाबाची वर्षाची कमाई गच्चीवर जाऊन बसली, ती वाफ तुमच्याच विजेची! कलाबाईंना भरपूर बोलायचं होतं. पण त्यांनी बादली घेतली आणि काठोकाठ भरून दिली, कारण उपकार केला की जो आनंद होतो तो शिवी देऊन होत नाही.

प्रतिभाने बोट बुडवलं. "अगबाई! इतकं कडक! पूर्वेला तोंड आहे म्हणून का हो?"

"मंग काय! दक्षिणेला यम बसलाय."

बादलीत कोळशाचा एक काळा कण तरंगत होता. प्रतिभाने तो पाहिला, वर गच्चीकडे पाहिलं, आणि बादली उचलून निघून गेली.

दिवाळी सरताच वाल्मीक परत आला, आणि प्रतिभाने त्याच्याकडून आपला सोलर पूर्वेकडे वळवून घेतला. त्याच आठवड्यात तिच्या नवऱ्याला कोणीतरी भांडीबाजारातून गोणपाटात काहीतरी जड गुंडाळून आणताना पाहिलं. मग थंडी पडली. पहाटे दोन्ही गच्च्यांवरून धूर उठायचा, आणि दोघी गॅलरीत येऊन एकमेकींना सांगायच्या, "केवढं धुकं पडलंय!" गल्लीला वाटलं, ह्या दोघींचं पाणी एवढं कडक, तर आपण का मागे राहायचं? एकेक करत सगळ्या गल्लीने सोलर बसवले. सगळ्यांनी तोंड पूर्वेला केलं. आणि भांडीबाजारात बंब मिळेनासे झाले.

इथे तुम्ही आलात, साहेब. गाडीतून, फोटोग्राफर घेऊन. गल्लीच्या तोंडाला फलक लावलात: 'आदर्श सौर गल्ली'. शाल आणलीत, नारळ आणलात, आणि आदर्श ग्राहक म्हणून नाव पुकारलंत. कलाबाई पदर सावरून उठायला लागल्या होत्या.

"सौ. प्रतिभा मॅडम! गल्लीत पहिला सोलर बसवल्याबद्दल!"

कलाबाई अर्धवट उठलेल्या तशाच राहिल्या. सोलर पहिला, पण चोंदलेला! पाणी मागायला बादली घेऊन आलेली! जिभेवर आलं होतं सगळं. त्यांनी तोंड उघडलं, "साहेब, जरा तिच्या नळाखाली हात..."

प्रतिभाने शाल अंगावर घेता घेता मान वळवली आणि कलाबाईंच्या गच्चीकडे पाहिलं, जिथे गोणपाटाखालून बंबाचं नळकांडं डोकावत होतं.

"...हात जोडून अभिनंदन करावंसं वाटतं," कलाबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. इतक्या जोरात की मोतीराम घाबरला.

फोटो पेपरात आला. आकाश निळंशार. धूर तुम्ही पुसून टाकलात. गल्लीत सगळे नळ होते, नळांना पाणी होतं, तुम्हाला हात होते. मग तुमच्यापैकी एकानेही एकाही नळाखाली हात का धरला नाही, साहेब? बोला. इकडे कलाबाई रोज पहाटे डोळे चोळत बंबात फुंकर घालतायत. उत्तर त्यांच्या तोंडावर येऊन द्या.