माई काही बुडेना

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी कार्मेनमाईची नवी मूर्ती बसच्या टपावरून आली. एवारिस्तोने ती एका हाताने उचलून खाली घेतली, आणि घोटाळ्याला तिथेच सुरुवात झाली.

"ताई," तो दबक्या आवाजात बहिणीला म्हणाला, "माई फारच हलकी आहे गं."

नेरेइदाने पुढे होऊन माईच्या पाठीवर बोटाने टकटक केले. रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. पुंता काराकोल गावात ती डायव्हिंगची शाळा चालवत असे. पाण्यात काय बुडते आणि काय तरंगते, हा तिचा रोजचा विषय. समोर माणसाएवढी मूर्ती होती, आतून पोकळ, आणि तळ घट्ट बंद केलेला.

"सुंदर आहे ना?" उबाल्दीनाबाईंनी विचारले. गावातल्या सगळ्या बसगाड्या त्यांच्या, आणि मूर्तीही त्यांचीच भेट. "पापण्या बघ, खऱ्या केसांच्या आहेत. कारागीर म्हणाला, फायबरची करतो, मिरवणुकीत कुणाचे खांदे दुखायला नकोत."

"बाई, पण हिला बुडवायचीय."

"मग बुडव की. समुद्र काय कमी खोल आहे?"

बंदराबाहेर 'एल कोन्स्तान्ते' नावाचे मालवाहू जहाज बुडालेले होते. त्यातली सिमेंटची पोती केव्हाच दगड झाली होती, दगडांवर पोवळी वाढली होती आणि पोवळ्यांमध्ये हेकरूंपासून तांबोशींपर्यंत सगळे मासे राहायला आले होते. ते बघायला लांबलांबून माणसे येत, म्हणून नेरेइदाची शाळा चालत होती. पण तेच मासे गावातल्या कोळ्यांनाही दिसत होते. हे भांडण एका पिढीपूर्वी माईनेच मिटवले होते. जहाजाच्या डेकवर तिची सिमेंटची मूर्ती उभी राहिली, आणि कोळ्यांनी नवस केला की जिथे माई उभी, तिथे जाळे पडणार नाही. नवस आजवर कोणी मोडला नव्हता. मात्र गेल्या वादळात ती मूर्ती फुटली, आणि तिचे डोके तेवढे किनाऱ्याला लागले.

कोळ्यांचे म्होरके आगापितोकाका काही दुष्ट नव्हते. वर्षभर त्यांच्या होड्या अर्ध्या रिकाम्या परतत होत्या, एवढेच. त्यांनी चर्चच्या दारात सगळ्यांसमोर सांगून टाकले होते, "माई नाही, तर नवस नाही. सणाच्या दिवशी ती जहाजावर उभी राहिली तर ठीक. नाहीतर दुसऱ्या दिवशी पहिलं जाळं माझं."

एकदा जाळी पडली की मासे संपणार, आणि माशांपाठोपाठ शाळाही. नेरेइदाने घसा साफ केला. "बाई, तळाला एक भोक पाडावं लागेल. पाणी आत शिरलं की झालं."

"भोक? माईला?"

"बारीकसं. आणि वर एक, हवा निघायला."

"दोन?" उबाल्दीनाबाईंनी बसच्या दाराचा आधार घेतला. "शिकलेली आहेस म्हणून काहीही बोलशील?"

पाद्री सिल्वेरियोंना बोलावणे गेले. माई कोळ्यांची तशी गाडीवाल्यांचीही कैवारी, म्हणून पाद्रींना उद्या सणाला गावातल्या झाडून सगळ्या वाहनांना आशीर्वाद द्यायचा होता, आणि त्यातली बहुतेक उबाल्दीनाबाईंची होती. त्यांनी माईच्या पापण्यांकडे पाहिले, बाईंकडे पाहिले आणि म्हणाले, "भोक टाळता आलं, तर बरं."

आता उरले शिसे. डायव्हर कमरेला बांधतात ते शिशाचे पट्टे शाळेत होते. नेरेइदाने ते एकाला एक जोडून माईच्या कमरेपासून खालपर्यंत गुंडाळले आणि दोघा भावंडांनी तिला धक्क्यावरून पाण्यात सोडले. माई गळ्यापर्यंत गेली आणि थांबली. डोके पाण्यावर, नजर गावाकडे. धक्क्यावर मासे साफ करणाऱ्या बायकांनी सुरे खाली ठेवून छातीवर क्रूस काढला.

"ताई, ही आपल्याकडेच बघतेय."

"बघू दे. अजून एक पट्टा आण."

"संपले. आता फक्त पाहुण्यांचे उरलेत."

बोगोताहून आलेल्या पाहुण्यांचे पट्टेही आणले गेले. मग मात्र माई शांतपणे खाली गेली. आगापितोकाका न पेटवलेला चिरूट चघळत सगळे बघत होते.

"तिला जायचं नाहीये पोरी," ते म्हणाले. "पाण्यात माईच्या मर्जीविरुद्ध कुणी हात लावू नये."

"काका, ही मर्जी नाही. हवा आहे."

"तू हवा म्हण."

पट्टे दिसायला बरे नव्हते. उबाल्दीनाबाईंनी शिंपिणीला बसवून एक घेरदार तपकिरी झगा शिवून घेतला, आणि माईचे सगळे गुपित त्याखाली झाकले गेले.

सणाच्या दिवशी प्रार्थना झाली. बसगाड्यांनी इतके हॉर्न वाजवले की पाद्रींचा आशीर्वाद कोणालाच ऐकू आला नाही. मग बँडसकट सगळे गाव होड्यांत बसले. बोगोताचे पाहुणेही आले. पट्टे नसल्यामुळे त्यांना पाण्यात उतरता येत नव्हते, म्हणून ते होडीत बसून भाजत होते. बुडालेल्या जहाजाच्या जागी पोहोचल्यावर एवारिस्तोने दोर धरला, माईला हळूहळू खाली सोडले, आणि तिच्याबरोबर नेरेइदा उतरली.

खाली सगळे ठीक चालले होते. माई डेकवर उभी राहिली. एक म्हातारा हेकरू येऊन तिला बघून गेला. आता दोर सोडायचा आणि तिला साखळीने जखडायचे, एवढेच काम राहिले होते.

पण वर कोणीतरी फटाके लावले. एवारिस्तोला वाटले, काम झाले. त्याने दोर ओढला. दोर माईच्या कमरेवरून सरकला आणि झग्याखालच्या पट्ट्याच्या बक्कलात अडकला. ते बक्कल मुद्दाम असे बनवलेले असते, की संकटात सापडलेल्या डायव्हरला ते एका झटक्यात उघडता यावे. नेरेइदा हे प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी शिकवत असे. बक्कल एका झटक्यात उघडले. एकाला एक जोडलेले पट्टे साप उलगडावा तसे उलगडून डेकवर पडले, पायाजवळचा एक पट्टा तेवढा राहिला, आणि माई निघाली.

वर पाद्री नेमके "हे सागराच्या तारके" इथपर्यंत आले होते. तारका दोन होड्यांच्या मधून कमरेपर्यंत उसळून बाहेर आली. बँड थांबला. उबाल्दीनाबाई ढोलावर कोसळल्या.

"चमत्कार!" कोणीतरी ओरडले. मग सगळेच ओरडले.

नेरेइदाला मात्र माईसारखे वर येता येत नव्हते. माणसाने हळूहळू वर यावे आणि पृष्ठभागाच्या थोडे खाली थांबून अंगात मुरलेला वायू जाऊ द्यावा, असा नियम आहे, आणि नियम मोडणे तिच्या स्वभावात नव्हते. ती नांगराच्या दोराला धरून लोंबकळत राहिली. डोक्यावर होड्यांचे तळ दिसत होते. एकेक तळ वळला आणि निघून गेला.

ती वर आली तेव्हा एवारिस्तोची होडी तेवढी उरली होती.

"ताई, मी काही केलं नाही."

"दोर कुणी ओढला?"

"दोर मी ओढला. पण बाकी काही केलं नाही."

माई वाऱ्यावर चालली होती. पायाजवळच्या पट्ट्यामुळे ती ताठ उभी होती, झगा शिडासारखा फुगला होता, आणि मागून बँड वाजवत सगळे गाव. हात लावायची कोणाची छाती नव्हती. आगापितोकाका सगळ्यांत पुढे होते. "बघितलंत? जहाज नको म्हणाली! सोडून आली! उद्या सकाळी जाळी काढा!"

नेरेइदाने मास्क काढून मांडीवर ठेवला. शाळा संपली होती. आता बोगोतात जाऊन कुठल्यातरी तरणतलावावर नोकरी मागावी लागेल, असे तिच्या मनात आले.

माई खाडीच्या तोंडाशी पोहोचली. तिथे वाळूचा दांडा आहे, आणि त्या दांड्याला लागून गावातल्या प्रत्येक कोळ्याचे जाळे लागते, कारण बोय मासा तिथूनच आत शिरतो. माईचे पाय वाळूला टेकले. ती एकदा डुलली, आणि उभी राहिली.

बँड आपोआप बंद पडला. शुद्धीवर आलेल्या उबाल्दीनाबाईंनी मान वर करून पाहिले आणि स्पष्ट आवाजात म्हटले, "जिथे माई उभी..."

"उभी कुठंय?" आगापितोकाका घाईने म्हणाले. "टेकलीये."

"टेकलेली अशी असते होय?"

"जरा कलली आहे. फादर, बघा बरं, कललीच आहे."

पाद्री सिल्वेरियोंनी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिले. "उभी आहे," ते दुःखाने म्हणाले. त्यांना बोय आवडत असे.

"मग उचला तिला!"

"कुणी उचलायचं?" मागच्या होडीतून एका म्हातारीने विचारले. "कालच म्हणालास ना आगापितो, मर्जीविरुद्ध हात लावू नये?"

त्या किनाऱ्यावर भरती-ओहोटी नावापुरतीच असते, त्यामुळे माई आपणहून निघण्याची आशा नव्हती. दुपारी आगापितोकाका हॅट हातात घेऊन शाळेच्या दारात उभे राहिले.

"पोरी, तिला खाली ने."

"मर्जीविरुद्ध कशी नेऊ, काका?"

"मर्जी मी विचारली. हो म्हणाली."

"कधी?"

"आत्ता. येता येता."

नेरेइदाने त्यांना काळी कॉफी दिली. "पट्टे पुन्हा सुटतील," ती म्हणाली. "न सुटणारं शिसं पाहिजे. दोरीत पक्कं ओवलेलं."

काकांनी तिची नजर गेली तिकडे पाहिले. बाहेर कुंपणावर त्यांचे जाळे वाळत होते, आणि त्याच्या खालच्या कडेला शिशाच्या गोळ्यांची लांबच लांब माळ होती.

"ते नवीन आहे," काका म्हणाले.

"दिसतंय."

काकांनी कॉफी संपवली आणि खिशातून चाकू काढला.

मग बाकीच्यांनीही आपापली जाळी आणली. शिसे कापले गेले, झग्याखाली माळांवर माळा चढल्या. एवारिस्तो म्हणाला, "काका, तुमची जाळी आता तरंगणार."

"तरंगू देत. ही बुडली म्हणजे मिळवलं."

सूर्य कलला तेव्हा सगळ्या होड्या पुन्हा जहाजाच्या जागी जमल्या. एवारिस्तोच्या हातात या वेळी काहीही दिले नव्हते. पाद्रींनी पुस्तकाची पाने उलटसुलट केली. संतांना वर नेण्याच्या प्रार्थना पुष्कळ होत्या, खाली नेण्याची एकही नव्हती. शेवटी आगापितोकाकाच होडीच्या टोकाला गुडघे टेकून बसले.

"माई, बूड गं," ते म्हणाले. "आमची पोरंबाळं आहेत. त्या बोयवर जगतो आम्ही. राग धरू नकोस. बूड."

"बूड, माई, बूड," सगळे गाव म्हणू लागले. उबाल्दीनाबाई डोळे पुसत सगळ्यांत मोठ्याने म्हणत होत्या.

पाण्यात नेरेइदा डायव्हिंगच्या जॅकेटात हवा भरून माईला दोन्ही हातांनी सावरून तरंगत होती. शिसे तिने हिशेबापेक्षा जरा जास्तच बांधले होते. माई केव्हाच गेली असती. पण काकांची प्रार्थना बरीच लांबली. हात भरून आले, तरी तिने मूर्ती धरून ठेवली. "आमेन" ऐकू आले, तेव्हा तिने हात सोडले.