बेन ग्लासाखवरच्या सहा हाका

गेली सव्वीस वर्षं मी बेन ग्लासाख चढतोय. धुक्यात चढलोय, बर्फात चढलोय, एकदा तर दाढ ठणकत असताना चढलोय. त्या डोंगरावर हरणंसुद्धा मला विचारून वळतात! त्यामुळे माझी बायको मार्सली जेव्हा म्हणाली, "इनिसला एक रात्र डोंगरावर घेऊन जा, तंबूत झोपा, दोघांची जरा गट्टी होऊ दे," तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "त्यात काय! पाठुंगळी घेऊन जातो!"

इनिस हा तिचा धाकटा भाऊ. ग्लासगोत बाथरूमच्या फरशा विकतो. फेब्रुवारीत त्याची बायको त्याला सोडून गेली, आणि मार्चच्या शेवटी तो 'चार दिवस' आमच्याकडे राहायला आला. आता मे उजाडला होता. त्या चार दिवसांचा पाचवा आठवडा चालू होता!

माणूस वाईट नाही हो. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं! पण हा कधी चिडतच नाही. अंगावर छप्पर कोसळलं तरी म्हणेल, "असू दे भावोजी, जरा हवा येईल." अशा माणसाबरोबर एका घरात राहून बघा. तुमच्या डोक्यातली किटली दिवसभर शिट्टी मारत राहते आणि समोरचा विचारतो, "चहा ठेवलाय का?"

निघताना मार्सलीनं मला दारात अडवलं.

"स्ट्रुअन, इकडे बघ. त्याच्यावर ओरडायचं नाही. एकदाही नाही. आधीच त्याचं मन मोडलंय. तू आवाज चढवलास असं मला कळलं, तर घरात पाऊल टाकू नकोस. तुझ्या त्या मीठगाडीत झोप!"

मीठगाडी म्हणजे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकत फिरते ती. मी चालवतो ती. तिच्यात झोपणं म्हणजे लोणच्याच्या बरणीत झोपणं.

"मी? ओरडणार?" मी म्हणालो. "अगं, मी म्हणजे शांततेचा पुतळा!"

पुतळ्याला पहिला तडा ओढ्यावर गेला. वरचा बर्फ वितळून ओढा फुगला होता. मी इनिसला म्हणालो, "घाबरायचं नाही. दगडांवरून उड्या मारत यायचं. मी जिथे पाऊल टाकीन तिथेच टाक."

"बरं, भावोजी."

तिसऱ्या दगडावर मी पाऊल टाकलं आणि दगडानं मला टाकलं! कमरेपर्यंत पाणी, आणि पाणी कसलं, पातळ झालेला बर्फ! तोंडातून आवाजसुद्धा फुटेना. धडपडत पलीकडे चढतो तर इनिस काठावर उभा. कोरडा ठणठणीत.

"तू कसा आलास?"

"तिथे पूल आहे ना," त्यानं वीस पावलांवर बोट दाखवलं. "फळ्यांचा. नवीन दिसतोय. छान बांधलाय."

मी दात आवळले. थंडीनं ते आधीच वाजत होते, त्यामुळे आवळणं सोपं नव्हतं.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतक्या आत्मविश्वासानं निघालात, भावोजी. मला वाटलं, तुम्हाला आंघोळ करायची असेल."

पुढे दोन तास चढत राहिलो, बूट पचक पचक वाजत होते. त्यातच खालच्या झाडीतून कुकू पक्षी ओरडायला लागला. वसंतात तो ओरडायचाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इनिसनं त्याला उत्तर दिलं! तो म्हणाला "कुक्कू", हा म्हणाला "कुक्कू". पक्ष्याला वाटलं, प्रतिस्पर्धी आला. तो चिडून आमच्या मागे मागे वर आला. पक्षीसुद्धा चिडला हो! फक्त मला चिडायची परवानगी नव्हती.

संध्याकाळी साडेपाचला तळ्याकाठी पोचलो. वरच्या घळीत अजून बर्फाचे पट्टे, खाली काळं पाणी, वारा बेताचा. जागा अशी की राग आपोआप विरघळावा. मी म्हणालो, "चल, तंबू काढ."

त्यानं तंबू काढला. मी पिशवी उलटी केली, झटकली, आत डोकं घालून बघितलं.

"इनिस, तंबूच्या काठ्या कुठे आहेत?"

"कसल्या काठ्या?"

"अरे, लांब, बारीक, घडी होणाऱ्या! पिशवीशेजारीच ठेवल्या होत्या मी. पडवीत!"

"त्या होय!" त्याचा चेहरा उजळला. "त्या मी ताईच्या वाटाण्याच्या वेलांना लावल्या. काय छान चढलेत वेल!"

मी तळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. श्वास घेतला. सोडला. मग माझ्या चालायच्या दोन काठ्या उभ्या करून, दोरी बांधून, त्यावर तंबू टांगला. आजारी गाय बसल्यासारखा दिसत होता.

"जेवायचं काय?" मी विचारलं. आवाज इतका गोड की मलाच किळस आली.

"सॉसेज गार राहावेत म्हणून पाण्यात ठेवलेत."

"कुठल्या पाण्यात?"

"त्या झऱ्यात. पिशवीसकट."

झऱ्यात पिशवी नव्हती. झरा होता, उतार होता, आणि खाली खूप लांबवर काहीतरी पांढरं, टुणटुणत, गावाच्या दिशेनं चाललं होतं. आमच्याआधी घरी पोचणार होतं ते! सूप होतं, पण माझ्या खिशातली काडेपेटी माझ्याबरोबर ओढ्यात आंघोळ करून आली होती. म्हणजे जेवायला ओटची कोरडी बिस्किटं.

"असू दे भावोजी," इनिस म्हणाला, "हलकं पोट बरं असतं."

बस्स!

"मी जरा पाय मोकळे करून येतो," मी म्हणालो. आणि तरातरा चालत सुटलो. टेकाडामागे एक मोठा खडक आहे, त्याच्यापुढे सगळी दरी उघडी. तंबूपासून चांगला लांब. मार्सलीनं सांगितलं होतं, त्याच्यावर ओरडायचं नाही. दरीवर ओरडू नको असं कुठे म्हणाली होती?

मी खडकावर चढलो, फुप्फुसं भरली आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "इनिस! अरे मठ्ठ फरशी!"

अहाहा! काय बरं वाटलं! पुन्हा ओरडलो. "इनिस! पाच आठवडे!" मग काठ्यांबद्दल एकदा. सॉसेजबद्दल एकदा. पुलाबद्दल. कुकूबद्दल. सहा हाकांत दम संपला. मिनिटभर वाकून धापा टाकल्या आणि पुन्हा सुरू केलं, पहिल्यापासून. तेवढ्यात समोरच्या धारेवरून कुणीतरी शिट्टी मारली. एक, दोन, तीन. मी इथे मनस्ताप ओकतोय आणि कुणी उनाड शिट्ट्या मारतोय! माझं डोकं आणखी फिरलं. पुन्हा सहा. पुन्हा तीन शिट्ट्या. पुन्हा सहा!

घसा पूर्ण बसल्यावर मी परत आलो. इतका हलका झालो होतो की इनिसला माझ्या बाटलीतली व्हिस्कीसुद्धा दिली. तो नेहमीपेक्षा गप्प होता. मला वाटलं, चढून दमलाय.

सव्वानऊ झाले असतील. मेमध्ये आमच्याकडे त्या वेळी पेपर वाचता येईल इतका उजेड असतो, म्हणून मला सगळं स्पष्ट दिसलं. टेकाडावरून आधी एक कुत्रा आला. त्यानं सरळ इनिसच्या छातीवर पाय ठेवून त्याचं तोंड चाटलं. मागोमाग लाल जाकिटं घातलेली अकरा माणसं, स्ट्रेचर, दोर! सगळी ओळखीची. आमच्या गावचं डोंगर बचाव पथक! आणि सगळ्यांच्या पुढे पथकप्रमुख ईशबेलबाई. त्रेसष्ट वर्षांची मेंढपाळ, कोपरापर्यंत आयोडीनचे डाग, केसांत गवत. मेंढ्या विण्याचा हंगाम, त्यातून उठून आलेली.

"कोण मेलंय?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो. "का?"

"इनिस कुठाय?"

"मी इथे," इनिस कुत्र्याखालून म्हणाला.

ईशबेलबाईंनी हातातली काठी जमिनीत रोवली. "समोरच्या धारेवरून एका डच जोडप्यानं फोन केला. म्हणे, एक माणूस खडकावर उभा राहून आक्रोश करतोय. इनिस, इनिस म्हणून. सहा हाका, मिनिटभर शांतता, परत सहा. त्यांनी शिट्टीनं उत्तर दिलं तर आणखी जोरात रडायला लागला. स्ट्रुअन, सहा हाका आणि मिनिटभर शांतता म्हणजे काय?"

मी तळ्याकडे बघितलं.

"अरे, सांग ना! गावच्या हॉलमध्ये तूच शिकवलंस ना आम्हाला, तासभर, चित्रं काढून!"

"संकटाची खूण," मी पुटपुटलो.

"आणि तीन शिट्ट्या?"

"मदत येतेय, असं उत्तर."

कुणीतरी मागे खोकलं. खोकल्यात हसू होतं.

"गोठ्यात तीन मेंढ्या अडलेल्या टाकून आलेय मी!" ईशबेलबाई कडाडल्या. "तुझी बायको खाली गाडीतळावर उभी आहे. भाऊ गेला असं समजून दोन तास रडतेय ती! आता मला अहवाल लिहायचाय. काय ओरडत होतास? शब्द न् शब्द सांग."

"ते... खाजगी होतं."

"अकरा माणसं डोंगर चढून आलीत. आता काही खाजगी राहिलं नाही!"

मी सांगितलं. मठ्ठ फरशीपासून सगळं. पेन्सिल कागदावर खरखरत होती. सांगून झाल्यावर माझं लक्ष गेलं, तर त्यांच्या खांद्यावरच्या वायरलेसचा लाल दिवा लागलेला. चालू होता तो! त्यातून आधी मोठा हुंदका आला, सुटकेचा. मग मार्सलीचा आवाज आला, बर्फासारखा.

"स्ट्रुअन."

एवढंच. पण माझे ओले बूट आतून गोठले.

"ताई, त्यांना बोलू नकोस," इनिस उठून म्हणाला. "मी सगळं ऐकलं होतं मघाशी. वारा इकडेच होता." मी शरमेनं खाली बघितलं. तो माझ्याकडे वळला, आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या मानेवरून लाली वर चढताना मी पहिल्यांदा पाहिली.

"पाच आठवडे?" तो म्हणाला. "पाच आठवडे मी मोजलेत, भावोजी! भिंतीपलीकडून तुमचं घोरणं ऐकतोय! तुमच्या घरात गारठून मेलो तरी हीटर लावायला तुमची सही लागते! आणि ते सूप! सुपात मीठ टाकता की रस्ता मोकळा करता?"

"इनिस..."

"थांबा! माझी बायको गेली. मी तुमच्या दारात आलो, हातात एक बॅग घेऊन. तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात, आठवतंय? 'गाडी कुणाकडे राहिली?' गाडी! ताईनं शपथ घातली होती, भावोजींसमोर चिडायचं नाही म्हणून! नाहीतर ते घालवून देतील म्हणून! फुटायची वेळ आली माझी! त्या पक्ष्याशी काय उगाच बोलत होतो मी? दुसरं कुणी होतं का बोलायला?"

कुत्रासुद्धा खाली बसला. मी खरंच तसं विचारलं होतं. गाडी कुणाकडे राहिली. दारात, पावसात तो उभा असताना. मला काही सुचलं नव्हतं हो, दुःखी माणसाशी काय बोलायचं ते मला कधीच सुचत नाही. पण हे सांगायला घसा उरला नव्हता.

"चुकलं माझं," मी कसंबसं म्हणालो.

"माझंही. काठ्यांचं," तो म्हणाला. "पण सूप खरंच वाईट असतं."

"दोघंही खाली या," वायरलेसमधून आवाज आला.

ईशबेलबाईंनी अहवाल पुरा केला. तो मी नंतर वाचला. 'दोन प्रौढ पुरुष. इजा नाही. अक्कल आढळली नाही.'

शिक्षाही त्यांनीच ठरवली. दोघांनी आठवडाभर त्यांच्या गोठ्यात काम करायचं. पहिल्याच दिवशी एक मेंढी अडली. इनिस तिच्याजवळ बसला, हलक्या आवाजात काहीतरी बोलत राहिला आणि तासाभरात कोकरू बाहेर! मी दुसऱ्या मेंढीला म्हणालो, "अगं, जोर लाव!" तर ती कुंपण तोडून पळाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ईशबेलबाई म्हणाल्या, "याला मी हंगामभर ठेवतेय. राहायला वरची खोली देते. स्ट्रुअन, तू घरी जा. तुझ्या आवाजानं माझ्या मेंढ्यांचं दूध आटतंय."

म्हणजे बघा! सव्वीस वर्षांचा अनुभव माझा, आणि नोकरी मिळाली फरशीवाल्याला! मार्सली रोज डबा घेऊन भावाकडे जाते आणि तिथेच गप्पा मारत बसते. मला मात्र त्या दिवशी निघताना ईशबेलबाईंनी हातात काहीतरी कोंबलं. एका मेंढीला तीन कोकरं झाली होती, दूध दोघांपुरतंच. तिसरं माझ्या जाकिटात. दर चार तासांनी बाटली, अंगाखाली ऊब, आणि घाबरेल असं काही करायचं नाही.

मी अजून भयंकर चिडलेलो आहे, हे लक्षात ठेवा. डच जोडप्यावर, बचाव पथकावर, सगळ्यांवर! एकेकाला फैलावर घेणार आहे मी. फक्त आत्ता नको. आत्ताच डोळा लागलाय त्याचा, माझ्या मांडीवर. तुम्हीही जरा हळू बोला.