नोटरी आली घरा

मी कंपनीत प्लॅनिंगला आहे. तारापूर एमआयडीसीत कुठल्या टाकीत काय, कधी आणि किती पडणार हे मी महिनाभर आधी ठरवतो, आणि ते तसंच पडतं. त्यामुळे आयुष्यातल्या मोठ्या गोष्टी लोक ऐन वेळेवर का ढकलतात, हे मला कधीच कळलेलं नाही. आमच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ मृत्युपत्र न करता गेले. तेराव्याच्या पंगतीत त्यांचे मुलगे एकमेकांच्या पानात जिलबी वाढायला तयार होईनात! घरी येऊन मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, आपल्याकडे हा तमाशा होणार नाही. हा सुजित आहे ना!

आमचे बाबा, म्हणजे मारुतराव, मूळचे कराडकडचे. अणुऊर्जा केंद्रात नोकरी लागली म्हणून तरुणपणी इकडे आले आणि निवृत्त झाल्यावर परत जाण्याऐवजी त्यांनी सालवडला बैठं घर घेतलं. तिथे ते आणि माझी धाकटी बहीण प्रतीक्षा राहतात. आई गेल्यापासून बाबांचं सगळं तीच बघते. ती एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, चाळिशीला आली आहे आणि तिचं लग्न झालेलं नाही. या तीन गोष्टींपैकी बाबांना रात्रंदिवस फक्त तिसरी दिसते. माझ्यामागं हिचं काय, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते जेवतानाही म्हणतात आणि दाढी करतानाही.

त्याचंही उत्तर माझ्या प्लॅनमध्ये होतं. मृत्युपत्राचा मसुदा मी स्वतः तयार केला. घर माझ्या नावावर, आणि प्रतीक्षाला त्यात हयातभर राहायची मुभा. कर भरणं, डागडुजी, हद्दीची भांडणं हे सगळं माझ्या डोक्यावर, तिला कसली कटकट नाही. मला तो मसुदा इतका आवडला की मी तो बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. तिने एवढंच विचारलं, की बाबांना आणि प्रतीक्षाला हे विचारलंय का. मी म्हणालो, प्लॅन विचारायचा नसतो, कळवायचा असतो.

बाबांचे गुडघे त्यांना ओट्याखाली उतरू देत नाहीत. त्यावरही मी उपाय शोधला. पालघरच्या प्रियदर्शिनी मॅडम नावाच्या नोटरी वकील घरी येऊन काम करून देतात, असं कळलं. लॅपटॉप, छोटा प्रिंटर, शिक्के, रजिस्टर, सगळं सोबत. मृत्युपत्र, बँकेच्या कामासाठी मुखत्यारपत्र आणि 'मारुती' व 'मारुतराव' हा एकच इसम असल्याचं प्रतिज्ञापत्र, असं सगळं एकाच बैठकीत होणार होतं. साक्षीदार म्हणून बाबांचे शेजारी शिवाजीराव आणि माझा कंपनीतला एक मित्र. रविवार ठरला.

आता राहिलं बाबांना कळवणं. मी फोन केला तो नेमका दिवेलागणीला. बाबा नुकतेच देवापुढे दिवा लावून बसले होते आणि आवाजात खूश होते. अशा माणसाला तिन्हीसांजेला 'मृत्युपत्र' कसं म्हणायचं? मग मी म्हणालो, "बाबा, रविवारी पालघरहून एक मॅडम येणार आहेत. सोबत त्यांचे एकजण असतील. घरीच बसून सगळं बोलून घेऊ. प्रतीक्षाच्या पुढच्या आयुष्याचाच विषय आहे."

मग बाबा हळूच म्हणाले, "खरं सांगतोस?"

मी म्हणालो, खरंच. आता तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. तुम्ही फक्त दाढीबिढी करून बसा, फोटो काढायचा असतो.

बाबांचा आवाज एकदम भरून आला. "सुजित, तू हे मनावर घेशील असं मला वाटलं नव्हतं रं," ते म्हणाले. मी फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं, बघ, म्हातारी माणसं समजूतदार असतात. आपणच उगाच घाबरतो!

रविवारी मी मॅडमना बोईसर स्टेशनवरून घेतलं. त्यांच्यासोबत अंकुश नावाचा त्यांचा कारकून होता. चाळिशीचा, उंचापुरा, केसांना तेल लावून बारीक भांग पाडलेला आणि हातात काळी बॅग. माझ्या मित्राचा वाटेतच फोन आला, प्लांटमध्ये काहीतरी गळती झाल्यामुळे त्याला येता येत नाही. मी म्हणालो, बघू पुढचं पुढे. एवढ्याने कोसळेल तो प्लॅन कसला!

सालवडला पोहोचलो तर दारात रांगोळी होती. मला भरून आलं. आपल्या मृत्युपत्राला रांगोळी घालणारा माणूस म्हणजे संतच म्हणायचा. आत गेलो तर बाबा आपला निवृत्तीच्या समारंभाचा कोट घालून बसलेले. शिवाजीरावांनी परीटघडीची टोपी घातली होती आणि स्वतःच्या घरातल्या खुर्च्या आणून मांडल्या होत्या. टेबलावर नवीन टेबलक्लॉथ, त्यावर अगरबत्ती. मला वाटलं, साक्षीदार असावा तर असा.

बाबांनी मॅडमना हात जोडले, पण त्यांची नजर गेली ती थेट अंकुशवर. त्यांनी त्याला पायापासून भांगापर्यंत पाहिलं, शिवाजीरावांकडे पाहिलं, आणि दोघांनी एकमेकांना समाधानाने मान डोलावली. बॅग घेऊन दारात उभ्या राहिलेल्या अंकुशला बाबांनी हाताला धरून पंख्याखालच्या खुर्चीवर बसवलं. आपण काय करता, असं अदबीने विचारलं.

"आमी मॅडमबरोबर हाय," अंकुश म्हणाला. "शिक्के मारतो."

सरकारी खात्यात असावेत, असं शिवाजीराव बाबांच्या कानात म्हणाले. गाव कुठलं, जमीन आहे का, आई-वडील कुणाजवळ असतात, हेही विचारून झालं. अंकुशने विक्रमगडकडची डोंगरउताराची वरकस जमीन सांगितली, आई आपल्याजवळ असते म्हणाला. बाबांना ते फार आवडलं. मला वाटलं, बाबा वातावरण मोकळं करतायत.

मॅडमना पुढे आणखी एक घर करायचं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि कामाला सुरुवात केली. नोटरीला आधी माणूस शुद्धीवर आहे ना, हे पाहावं लागतं. त्यांनी बाबांना विचारलं, तुमची मानसिक स्थिती ठीक आहे ना, डोक्याचं काही औषध वगैरे चालू नाही ना. बाबांनी पाठ ताठ केली आणि सांगितलं, की त्यांच्या घराण्यात सात पिढ्यांत वेडबिड कुणाला नाही, कोड नाही, दमा नाही. मॅडमनी थोडं दचकून पुढचं विचारलं, की हे सगळं कुणाच्या दबावाखाली तर चाललं नाही ना. बाबा म्हणाले, छे, पोरगी स्वतःच्या पायावर उभी आहे, तिच्यावर कसला दबाव! मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. मला खरंच काही कळलं नव्हतं.

तेवढ्यात आतून प्रतीक्षा आली. अंगावर आईची मोरपंखी साडी, केसांत गजरा आणि हातात पोह्यांचा ट्रे. प्रतीक्षा रविवारी केस धुऊन जुन्या ड्रेसवर झोपून राहते, हे मला माहीत आहे. गेल्या वर्षीच तिने, आता कुणाला मला बघायला आणायचं नाही, असं निक्षून सांगितलेलं, हेही मला माहीत होतं. ती मान खाली घालून अंकुशच्या समोर आली आणि पहिली बशी तिने त्याच्या पुढे धरली.

रांगोळी, कोट, टोपी, पंख्याखालची खुर्ची, सगळं एकदम जागेवर बसलं. आता उठून बोलायला हवं होतं. पण बाबांचा चेहरा बघितला आणि बोलवेना. आई गेल्यानंतर तो चेहरा असा कधी दिसला नव्हता. मी खुणेने मॅडमना थांबवायला गेलो, पण त्या रजिस्टरात बघत होत्या. त्यांनी शांतपणे पुढचा प्रश्न विचारला.

"मग घर कुणाच्या नावावर करायचंय?"

बाबांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि गुडघ्यांना न जुमानता उभे राहिले.

"घर मागायला आलाय तुम्ही? पोरीला नीट बघितलं पण नाही अजून."

शिवाजीरावांनी टोपी काढून टेबलावर आपटली. शिकलेसवरलेले लोक आणि हुंडा मागतात, कायदा माहीत आहे का, असं त्यांनी एका वकिलालाच विचारलं. मॅडम म्हणाल्या, की मी कायद्याचंच काम करायला आले आहे. अंकुशचा पोह्यांचा घास तोंडातच राहिला होता. त्याला बिचाऱ्याला सगळ्यांच्या आधी कळलं. त्याने बशी खाली ठेवली आणि बाबांपुढे हात जोडले.

"बाबा, माजं लगीन झालंय. दोन पोरं हायत. आमी कागदाच्या कामाला आलोय."

"कसला कागद?" बाबांनी मला विचारलं.

आता दिवेलागण नव्हती, चांगली सकाळ होती, तरी तो शब्द तोंडातून बाहेर येईना. शेवटी प्रतीक्षाने टेबलावरचा मसुदा उचलला, वरची ओळ वाचली आणि म्हणाली, "बाबा, तुमचं मृत्युपत्र आहे."

तिने तो पूर्ण वाचला. माझा आवडता मसुदा. 'हयातभर राहण्याची मुभा' हे तिने मोठ्याने वाचलं. त्या दिवशी बायकोपुढे वाचताना ते किती उदार वाटलं होतं! तिच्या तोंडून ऐकताना, पावसाळ्यापुरती ओटीवर जागा दिल्यासारखं वाटलं. तिने कागद नीट घडी करून ठेवला, केसांतला गजरा काढला आणि तोही त्याच्याशेजारी ठेवला. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त मला म्हणाली, "दादा, फोनवर खरं सांगितलं असतंस ना, तर मी ही साडी नसते नेसले."

शिवाजीरावांना आपण हुंड्यावर केलेलं भाषण आठवलं असावं. ते पोहे खायला लागले.

बाबा खाली बसले. कोटाची बटणं एकेक करून काढत होते. मी सांगायला सुरुवात केली, की माझा हेतू वाईट नव्हता, पुढे भांडणं नकोत म्हणून, तुमच्याच काळजीपोटी. प्रत्येक वाक्य तोंडातून निघताना ठीक होतं आणि त्यांच्यापर्यंत पोहोचेपर्यंत पार विटून जात होतं. सबंध आठवडा हा माणूस शिवाजीरावांच्या खुर्च्या मोजत बसला असणार, पोरीला एकदा तयार हो म्हणून विनवत असणार. आणि मी त्याला काय आणून दिलं, तर त्याच्याच मरणाचा कागद. मला त्या क्षणी आपली बॅग उचलून कधीही निघून जाऊ शकणाऱ्या अंकुशसारखं कारकून व्हावंसं वाटलं.

मॅडमनी रजिस्टर मिटलं. म्हणाल्या, आज राहू दे, मारुतराव, तुमचं मन ठिकाणावर आलं की फोन करा. बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"मन ठिकाणावरच आहे. आत्ताच आलंय," ते म्हणाले. "मॅडम, लिहा. हे घर माझ्यामागं प्रतीक्षाचं. मुभा नाही, मालकी. लगीन होवो, न होवो."

प्रतीक्षा नको म्हणाली. बाबांनी ऐकलं नाही. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मला वाईट वाटलं, हे खरं आहे. पण घर गेलं म्हणून वाटलं असं कुणी समजू नये. मी मसुदा लिहिताना हे वाक्य माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही, म्हणून वाटलं. इतकं सोपं वाक्य होतं.

मॅडमनी लॅपटॉप उघडला. अंकुशने छोटा प्रिंटर पोह्यांच्या ट्रेशेजारी मांडला, बाबांचा फोटो काढला. बाबा आता हसत नव्हते, पण कोट परत नीट केला. कागद बाहेर आला. बाबांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. शिवाजीरावांनी साक्षीदार म्हणून सही केली. दुसरा साक्षीदार प्लांटमधली गळती बंद करत होता. अंकुश चालेल का, असं मी विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, आमच्या ऑफिसचा माणूस मी घेत नाही.

"ज्याला या कागदातून काही मिळत नाही, असा कुणीही चालेल," त्या म्हणाल्या.

बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मग हा आहे की," ते म्हणाले.

अंकुशने माझ्यापुढे कागद सरकवला आणि बोटाने जागा दाखवली. मॅडमनी रिवाजाप्रमाणे मला विचारलं, की सही करणाऱ्या या गृहस्थांना तुम्ही चांगलं ओळखता ना. मी तोंड उघडलं, पण उत्तर बाबांनीच दिलं.

"त्याचं मला माहीत नाही, मॅडम. पण मी त्याला ओळखतो. पोरगा वाईट नाही. फक्त विचारत नाही."

मी मान खाली घालून सही केली. सही करताना मान खाली घालावीच लागते, तेवढं एक बरं असतं.