एकच कायले, दोन पाठव

राइस मिलमधून घरी आलेल्या वीरेंद्र कापगतेला रेणूने नेहमीप्रमाणे विचारलं, "कायची भाजी करू?" आणि त्या दिवशी वीरेंद्रच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

दुःख भाजीचं नव्हतं. धानाचा हंगाम होता, वीरेंद्र मिलमध्ये सुपरवायझर होता, आणि सकाळी आठपासून माणसं त्याला फक्त विचारत होती. कुठला ट्रक आधी खाली करायचा, ओलं धान परत करायचं की वाळत घालायचं, हमालांची कुठली टोळी कुठे लावायची. गोंदियाजवळ कुडव्याच्या घरात पाय ठेवला की दुसरी पाळी सुरू. पोळ्या की भात, पडदे हिरवे की तपकिरी, लेक टीनाला शाळेच्या सहलीला पाठवायचं की नाही. "काहीही कर" म्हटलं, तर रेणू शांतपणे सांगायची की काहीही नावाची भाजी बाजारात येत नाही.

म्हणून रविवारी त्याने टीनाचे स्केचपेन घेऊन आठवड्याचं वेळापत्रक तयार केलं. सोमवारी तुरीचं वरण, मंगळवारी वांगं, बुधवारी अंडी, गुरुवारी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगा. टीनाचा डबा, चादरी बदलण्याचा दिवस, पाण्याची टाकी धुण्याचा दिवस, सगळं आखून कागद फ्रिजवर चिकटवला. रेणूने तो दोनदा वाचला.

"अन् यात नसन ते?"

"ते मले फोन करून विचारायचं. मी एका शब्दात सांगीन. पण एकदा सांगितलं का पुन्हा विचारायचं नाही. वाद नाही."

रेणू घरी ब्लाउज शिवायची. या माणसाला एकदा विचारलं की तीन उत्तरं मिळतात, हा तिचा चौदा वर्षांचा अनुभव होता. तिने नियम लगेच मान्य केला. इतक्या लगेच, की वीरेंद्रने तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मंगळवारी पहिला फोन आला. कागदावर वांगं लिहिलं आहे, पण भरीत की रस्सा? बुधवारी कोंबडीची अंडी महाग झाली होती, दोन आणू की चार? गुरुवारपर्यंत फोन दिवसाला अकरावर गेले. ज्या गोष्टी रेणू आधी मनानेच उरकत होती, त्यासुद्धा आता कागदावर नाहीत म्हणून त्याच्याकडे यायला लागल्या. मिलमधले हमाल त्याच्याभोवती थांबून राहायचे आणि तो मोज्यांच्या रंगावर निर्णय द्यायचा. शेवटी त्याने एक युक्ती काढली. वाक्य पुरं व्हायच्या आत "हो" म्हणायचं. बहुतेक प्रश्नांना ते चालून जायचं.

शुक्रवारी सकाळी मिलचं मशीन सुरू असताना फोन वाजला. त्या धडधडाटात त्याला रेणूच्या बोलण्यातलं मधलं तेवढं ऐकू आलं, "...पुरी पाठवू का..."

टीनाला डब्यात पोळी नको असेल, पुरी हवी असेल. वीरेंद्रला लेकीची दया आली.

"पाठव ना. एकच कायले, दोन पाठव."

मग रेणू म्हणाली, "दोन?"

"हो म्हटलं ना. नियम का ठरला आपला?"

फोन बंद झाला. आज निर्णयाला पाच सेकंदही लागले नाहीत, या समाधानात त्याचा दिवस बरा गेला.

संध्याकाळी तो घरी पोचला, तेव्हा फाटकासमोर एक पिकअप उभी होती. ड्रायव्हर हिमांशूने फळी लावली होती आणि त्या फळीवरून भुरी उतरत होती. भुरी म्हणजे वीरेंद्रच्या गावची, सौंदडच्या घरची म्हैस. तिच्यामागे तिची वर्षभराची वगार गाडीतून मान बाहेर काढून कुडवा बघत होती.

"भैया, बाँधना कहाँ है?" हिमांशूने विचारलं.

अंगणात टाइल्स होत्या आणि एका मोटरसायकलीपुरती जागा होती. वीरेंद्रने रेणूकडे पाहिलं. तिने सरळ सांगितलं. सकाळी मामाजींचा, म्हणजे तिच्या सासऱ्यांचा, सौंदडहून फोन आला होता. भुरी पाठवू का, असं विचारत होते. ती स्वतः नाहीच म्हणणार होती, पण म्हैस काही वेळापत्रकात नव्हती, म्हणून तिने विचारलं. उत्तर मिळालं, एकच कायले, दोन पाठव. तिने पुन्हा विचारलं, तर नियम दाखवण्यात आला.

"मी पुरी समजलो," वीरेंद्र म्हणाला.

रेणूने विचारलं, "टीनाच्या डब्यात दोन पुऱ्या? पोरगी उपाशी नसती का राहिली?"

वगार तोवर खाली उतरून तुळशीपाशी गेली होती. हिमांशूला परतायची घाई होती. त्याला थांबवून वीरेंद्रने वडिलांना, मनिरामांना फोन लावला. चुकून झालं, आत्ताच्या आत्ता परत पाठवतो, एवढंच सांगायचं होतं. पण मनिरामच आधी बोलले.

"वीरू, पोचली का भुरी? तीन महिने झाले, मले ठरवताच नव्हतं येऊन राहिलं. गुडघे धरतात, धार काढाले कसाबसा बसतो. व्यापारी दोनदा येऊन गेला, पण दावं सोडाले हात नाही उठला. भेत भेत सुनेले विचारलं. अन् तू एका शब्दात सांगितलं, एकच कायले, दोन पाठव. मी पुऱ्या गल्लीत सांगितलं, बापा." आई गेल्यापासून चार वर्षांत ते वीरेंद्रशी एका दमात इतकं बोलले नव्हते.

"पोचली," तो म्हणाला. "चांगली आहे."

हिमांशू फळी उचलून निघून गेला.

मग प्रश्न सुरू झाले. भुरीला फाटकाला बांधायचं की खिडकीच्या गजाला? चाऱ्याला धानाची तणस कुठून आणायची आणि आणून ठेवायची कुठे? शेण टाकायचं कुठे? शेजारचे केशोराव भिंतीपलीकडून म्हणाले की त्यांना म्हशीचं काही नाही, पण नालीत शेण जाता कामा नये. ट्यूशनहून आलेल्या टीनाने वगारीचं नाव काय ठेवायचं, हे विचारलं. यातलं एकही वेळापत्रकात नव्हतं आणि प्रत्येक गोष्ट नियमाप्रमाणे वीरेंद्रला विचारली गेली. त्याने मोटरसायकल रस्त्यावर लावली आणि पायरीवर डोकं धरून बसला.

सगळ्यात मोठा प्रश्न सकाळी आला. भुरी धार काढू देईना. रेणूचं माहेर खेड्यातलं, पण दूध काढून तिला चौदा वर्षं झाली होती. पहिल्याच लाथेला बादली केशोरावांच्या भिंतीवर आपटली. मग दूधवाले बिसराम आले. पंचवीस वर्षं याच कामात आहे, असं सांगून ते बसले आणि थोड्याच वेळात मांडी चोळत उठले. ही एकाच हाताची म्हैस आहे, मालकाला बोलवा, म्हणाले. दुपारपर्यंत कास दगडासारखी झाली आणि भुरी सारखी हंबरायला लागली. वीरेंद्र मिलमधून सुट्टी काढून आला. शेवटी रेणूने मनिरामांना फोन लावून तो स्पीकरवर भुरीच्या कानाशी धरला. "काऊन वं भुरे, उगी, उगी," असा आवाज आला. भुरीने कान टवकारले, फोन हुंगला आणि रेणूने कासेला हात लावताच दुसरी बादली फोडली.

वडिलांनी कुडव्याला राहायला यावं, म्हणून चार वर्षं विनवणी चालली होती. गाव सोडणार नाही, शेवटपर्यंत सौंदड, असं ते दर वेळी सांगायचे. त्या संध्याकाळी ते मिळेल त्या गाडीने गोंदियाला उतरले. दोन दिवसांचे कपडे आणले होते. घरात न जाता आधी भुरीपाशी गेले. खाली बसवेना, म्हणून रेणूने न्हाणीघरातलं प्लास्टिकचं स्टूल दिलं. त्यावर बसून त्यांनी हात लावला आणि भुरीने डोळे मिटून पान्हा सोडला.

सौंदडला हे स्टूल कोणाला सुचलं नव्हतं. आता एक स्टूल घेऊन दिलं तर म्हैस, वगार आणि वडील असे तिघेही सुखरूप परत जाऊ शकतात, हे वीरेंद्रच्या तेव्हाच लक्षात आलं. पण मनिराम भुरीच्या कुशीला गाल टेकवून बसले होते. त्याने तोंड उघडलं नाही.

दोन दिवसांचे पंधरा झाले. मनिराम पहाटे उठत, सगळ्यांना उठवत. शेणाचा खड्डा मागच्या बाजूला खणला. केशोरावांना रोज अर्धा लिटर दूध सुरू केल्यावर नालीचा विषय संपला. वगारीचं नाव त्यांनी ठेवलं, ते टीनाला आवडलं. दूध घरात भरपूर, म्हणून सकाळी कढी करायची, संध्याकाळी ताक; पडदे तपकिरी, मळत नाहीत; पोरीला सहलीला जाऊ द्यायचं. रेणूने काही विचारायच्या आत उत्तर तयार असे आणि ते बदलत नसे. तिचे ब्लाउज वेळेवर पूर्ण होऊ लागले. चौदा वर्षांत ती इतकी निवांत कधी दिसली नव्हती.

वीरेंद्रची मोटरसायकल केशोरावांच्या दारात लावायची, हेही ठरून गेलं होतं.

एका दुपारी मिलमध्ये जेवणाचा डबा उघडताना त्याच्या लक्षात आलं की आठ दिवसांत घरून एकही फोन आलेला नाही. डब्यात कढी होती. त्याला कढीचा कंटाळा आला होता, पण हे कोणाला सांगायचं ते समजेना. त्याने आपणहून रेणूला फोन लावला आणि येताना बाजारातून काही भाजी आणू का, असं विचारलं.

"मी कामात आहो," मागे शिलाई मशीन सुरू ठेवून ती म्हणाली. "मामाजीले विचारा."

वडिलांना फोन करावा की करू नये, हे जेवणाची सुट्टी संपेपर्यंत त्याला ठरवता आलं नाही.