हिरड्या खरवडण्याबाबत

कोणत्याही गोष्टीचा पाया झाकलेला असतो, आणि झाकलेल्या गोष्टीच्या देखभालीसाठी कुठेच तरतूद नसते. इमारतीचं असं आहे, संसाराचं असं आहे आणि दातांचंही असंच आहे. दात दिसतात म्हणून माणूस ते घासतो. हिरड्या बिचाऱ्या दातांना धरून उभ्या असतात आणि जो धरून उभा असतो त्याच्याकडे कोणी बघत नाही.

निरीक्षकांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं तेव्हा त्यांनीही तिकडे बघितलं नाही. निरीक्षक म्हणजे इमारत दुरुस्ती खात्यातले निवृत्त निरीक्षक. नोकरी सुटली तरी नाव सुटलं नव्हतं. त्यांची बायको वारून दोन-तीन महिने झाले होते. सकाळी चूळ भरताना बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसलं की ते नळ मोठा करत. पाणी स्वच्छ होई. खात्याच्या भाषेत याला तक्रारीचं निवारण म्हणतात.

मग खालचा पुढचा एक दात बोट लावल्यावर हलू लागला. बोट न लावल्यास हलत नव्हता, त्यामुळे बोट न लावण्याचा उपाय काही महिने उत्तम लागू पडला. सोबत सफरचंद बंद झालं, मग शेंगदाणे, मग बिस्किट चहात न बुडवता खाणं. एक दिवस बुडवलेलं बिस्किटही दुखलं, तेव्हा ते दातांच्या डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर वयाने त्यांच्या सुनेएवढी होती. तिने एक बारीक, खुणा केलेली सळई प्रत्येक दाताच्या कडेने हिरडीत घालून खोली मोजली आणि मदतनीस बाईंना आकडे सांगितले. तीनपर्यंत ठीक, पुढे काळजी, असा हिशेब होता. तीन क्वचित ऐकू आला. सहा ऐकू आला तेव्हा मदतनीस बाईंनी लिहिणं थांबवून त्यांच्याकडे एकदा बघून घेतलं.

"काका, हिरड्या दातांपासून सुटल्यात," डॉक्टर म्हणाली. "आत मुळांवर दगडासारखा थर बसलाय. तो खरवडून काढायला लागेल. डीप क्लिनिंग. चार वेळा यायचं, दर वेळी पाव तोंड, बधीर करून."

"मग दात टिकतील?"

"बहुतेक टिकतील. हा हलणारा मात्र सांगता येत नाही."

निरीक्षक बिथरले ते या 'बहुतेक'मुळे. उभ्या नोकरीत त्यांनी हा शब्द कधी कागदावर पाहिला नव्हता. खात्यात इमारत एक तर 'सुस्थितीत' असे किंवा पडलेली असे. मधली अवस्था नोंदवायला रकानाच नव्हता. जी बाई 'बहुतेक' म्हणते तिला आपलं काम नीट येत नसणार, असा त्यांनी सरळ निष्कर्ष काढला आणि विचार करून सांगतो म्हणून घरी आले.

त्यांचा खरा अडसर वेगळा होता. दुरुस्ती खात्याचं एकच मोठं तत्त्व होतं : खरवडू नये. भिंतीला ओल आली, तर वरून रंग द्यावा. रंग फुगला, तर फुगलेल्यावर द्यावा. भिंत खरवडली की आतलं दिसतं, आतलं दिसलं की काम निघतं, आणि काम निघालं की ते कोणाला तरी करावं लागतं. खात्याच्या जुन्या दप्तरखोलीची एक भिंत अशी नुसत्या रंगावर उभी होती. एका नवीन इंजिनियरने हौसेने पत्रा घेऊन ती खरवडली. भिंत पडली. चौकशी झाली. भिंत पडण्याचं कारण 'खरवडणे' असं निघालं. (ओल पूर्वीपासूनच होती, त्यामुळे तिच्यावर ठपका ठेवता आला नाही.) इंजिनियरची बदली झाली. चौकशी समितीत निरीक्षक स्वतः होते आणि त्या निकालाबद्दल त्यांना तोवर कधी शंका आली नव्हती.

घरीही तेच धोरण होतं. बायकोचा चष्मा खिडकीत तिने ठेवला होता तसाच होता, वरच्या धुळीसकट. तो कोणी पुसलेला त्यांना चालत नसे.

तरीही, एकट्याने निर्णय घेतला तर उद्या जबाबदारी आपल्यावर येईल म्हणून त्यांनी मतं मागवली.

शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "भलतंच करू नका. तो दगडच दातांना धरून असतो. दगड काढला की दात हलणारच." मुख्याध्यापकांनी आयुष्यात कधी सफाई करून घेतली नव्हती आणि त्यांच्या तोंडात आता एकही दात नव्हता. (दातांच्या बाबतीत इतका निःपक्षपाती माणूस शोधून सापडत नाही.)

दूर राहणाऱ्या मुलाने फोनवर सांगितलं, "बाबा, मी सगळं वाचून काढलं. काही म्हणतात करा, काही म्हणतात फरक थोडाच पडतो."

"मग करू की नको?"

"तेच तर. तुम्ही ठरवा."

धाकट्या भावाने मुळालाच हात घातला. "दादा, आता या वयात कशाला? किती दिवस वापरायचेत?"

"दात?"

"दात म्हणजे... एकंदरीत."

एकूण कल असा दिसला : आपापलं मत देऊन झाल्यावर सर्वांनी शेवटी डॉक्टरला विचारा असं सांगितलं, आणि डॉक्टरला विचारून झालंय असं कळल्यावर त्यातल्या सर्वांनी दुसऱ्या डॉक्टरला विचारायला सांगितलं. दुसरा डॉक्टरही 'बहुतेक' म्हणाला. यावरून हा शब्द त्यांच्या कॉलेजातच शिकवत असावेत असं सिद्ध झालं आणि प्रकरण प्रलंबित राहिलं.

प्रलंबित राहायला हरकत नव्हती, कारण बाकी आयुष्य बरं चाललं होतं. किंबहुना बायको गेल्यापासून निरीक्षकांचा मान वाढला होता. पूर्वी बागेतल्या बाकावर चौघं दाटीवाटीने बसत. आता ते आले की बाकीचे उठून समोरच्या कट्ट्यावर जात आणि अख्खा बाक त्यांना मिळे. दुकानात रांगेतला पुढचा माणूस आपण होऊन एक पाऊल पुढे सरके. न्हावी पूर्वी कात्रीपेक्षा जीभ जास्त चालवायचा, तो आता ओठ मिटून, श्वास रोखून, झटपट काम उरकायचा. धाकटा भाऊ आला तर दारातच उभा राहून विचारपूस करी. म्हणे, "बसत नाही, तुला त्रास नको." आजकाल त्यांच्याशी सर्वांत जवळून बोलणारी माणसं म्हणजे फोनवरची. लोकांना दुःखाची कदर आहे, असं निरीक्षकांचं मत झालं होतं. वियोग झालेल्या माणसाभोवती जग आदराने जागा सोडतं, हे त्यांनी मुलालाही सांगितलं होतं.

खरं तर त्यांच्या घरातही एक तपासणी खातं होतं, आणि ते बायकोकडे होतं. रोज सकाळी ती म्हणे, "अहो, इकडे या. तोंडाने 'हाऽ' करा."

"आत्ताच केलाय ब्रश."

"ब्रश ओला केलाय. जा परत."

हा छळ त्यांनी सगळा संसारभर सोसला होता. ते पद आता रिक्त होतं. रिक्त पद लगेच भरायचं नसतं हे त्यांना खात्यामुळे ठाऊक होतं, आणि हे पद तर भरायचं त्यांच्या मनातच नव्हतं.

अशात एका दुपारी मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण, तोंडाची फटकळ. पण त्या दिवशी ती आल्यापासून हवापाण्यावर बोलत होती, आणि तीही खिडकीशी उभी राहून. निरीक्षकांनी तिलाही मत विचारायचं ठरवलं. डॉक्टरचा कागद घेऊन ते जवळ गेले आणि सहा आकडा कुठे आहे ते वाकून दाखवू लागले. मेहुणीने पदर नाकाला लावला. मग तिने तो खाली घेतला.

"भावोजी, करून घ्या."

"कारण?"

"कारण काय विचारता? तोंडाला वास येतो तुमच्या."

निरीक्षकांनी कागदाकडे बघितलं. कागदात तसा उल्लेख नव्हता.

"आज?"

"आज काय आज! वर्ष होत आलं. ताई होती तोवर ती दामटून घासायला लावायची. ती गेली आणि तुम्ही..." तिने वाक्य सोडून दिलं. "बसवत नाही हो तुमच्याजवळ. कोणालाच नाही."

"कोणालाच म्हणजे?"

मेहुणी आता थांबू शकत नव्हती. तिने सगळं सांगितलं. फोनवर घरच्यांचा एक ग्रुप होता. त्याचं नाव 'काळजी'. त्यात भाऊ, भावजय, मुलगा, सून, मेहुणी, तिचा नवरा आणि आग्रहाखातर मुख्याध्यापक होते. निरीक्षक नव्हते, कारण विषय तेच होते. निरीक्षकांना सांगायचं कोणी, यावर तिथे आठ महिने चर्चा चालली होती. मुलगा म्हणे, मी दूर असतो, मला वास येत नाही. सून म्हणे, मी कशी सांगू. भाऊ म्हणे, आधीच तो दुःखात आहे. मुख्याध्यापक रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवत. अखेर मेहुणीचं नाव एकमताने ठरलं (ती त्या दिवशी फोन घरी विसरली होती), आणि ती हिंमत गोळा करत चार वेळा कोपऱ्यापर्यंत येऊन परत गेली होती.

"म्हणजे बाक..." निरीक्षक म्हणाले.

"कसला बाक?"

"काही नाही."

वर्षभरात मिळालेला सगळा मान असा एका दुपारी परत घेण्यात आला. बाक गेला, रांगेतलं पाऊल गेलं, न्हाव्याचं मौन गेलं. या कशाचंच त्यांना तितकं वाटलं नाही. बायको गेल्यावर माणसं हळूहळू लांब होतात, ही रीतच असेल असं ते धरून चालले होते. ती रीत नव्हती. कोणीतरी नुसतं "जा परत" म्हणायला हवं होतं. तेवढं म्हणणारं एकच माणूस होतं, आणि बाकीचे सगळे सभ्य होते.

"चहा ठेव," ते म्हणाले. मग, "नको, मीच ठेवतो. तू तिथेच बस. खिडकीशी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरला फोन केला.

खरवडण्याचा आवाज त्यांच्या ओळखीचा निघाला. ओल्या भिंतीवर पत्रा चालवतात तसाच, फक्त कवटीच्या आतून. पाव तोंड बधीर असताना त्यांनी उरलेल्या तोंडाने विचारलं, "भिंत पडणार नाही ना?"

"पडायची असेल ती आधीच पडलेली असते, काका. दगडाने धरलेली वाटते, इतकंच. तोंड उघडा."

इंजिनियरची त्या क्षणी त्यांना आठवण झाली. पण बदली रद्द करण्याची मुदत कधीच उलटून गेली होती आणि त्यांच्या तोंडात नळी होती.

निष्पत्ती अशी. हलणारा दात गेला. बाकीचे राहिले. सूज उतरल्यावर दातांमध्ये फटी दिसू लागल्या, त्या थराने बुजलेल्या होत्या. गार पाणी काही आठवडे झोंबलं. तीन महिन्यांनी पुन्हा सळई फिरली तेव्हा बरेचसे आकडे उतरले होते; सहा कुठेच नव्हता. पण दर तीन-चार महिन्यांनी यायचं आणि रोज दातांच्या फटीत बारीक ब्रश घालायचा, हे कायमचं मागे लागलं. "म्हणजे फायदा झाला म्हणायचं?" निरीक्षकांनी विचारलं. "झाला की," डॉक्टर म्हणाली. "आता टिकवलात तर."

मानाचं मात्र भरून न येणारं नुकसान झालं. बाकावर पुन्हा चौघं बसू लागले आणि मुख्याध्यापकांची बद्धकोष्ठता त्यांना खांद्याला खांदा लावून ऐकावी लागू लागली. न्हाव्याने वर्षभराची थकलेली बडबड व्याजासकट फेडली. भाऊ घरात येऊन सोफ्यावर शेजारी बसला, बराच वेळ बसला, अगदी जवळ तोंड आणून बोलला. आणि निरीक्षकांच्या लक्षात आलं की भावाच्याही तोंडाला वास येतो.

लगेच सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. सांगण्याची किंमत त्यांच्याइतकी कोणाला कळली नव्हती. त्यांनी तोंड उघडलंही. पण भाऊ नुकताच निवृत्त झाला होता, थोडा खचलेला होता. आधीच तो दुःखात. निरीक्षक उठले आणि समोरच्या खुर्चीत जाऊन बसले.

भावाने घरी जाऊन बायकोला सांगितलं, दादा हल्ली मला मान देतो.

त्याच आठवड्यात निरीक्षकांना 'काळजी' ग्रुपमध्ये घेण्यात आलं आणि भावाला काढण्यात आलं. ग्रुपचं नाव बदलावं लागलं नाही. सांगायचं कोणी, यावर चर्चा सुरू आहे. निरीक्षकांनी पहिल्याच दिवशी मेहुणीचं नाव सुचवलं आणि त्याला सर्वांनी अंगठ्याचं चित्र पाठवून संमती दिली.

आता प्रश्न आपला. आपल्या घरात असला काही ग्रुप नाही, अशी आपली खात्री असेल. निरीक्षकांचीही होती. ग्रुपमध्ये जे असतात त्यांना तो असल्याचं माहीत असतं. नाही असं फक्त एकाच माणसाला वाटतं.